दुसरी बशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावरच्या काचेच्या बशीत पाणी, पाण्यात एका भक्ताच्या रक्ताची धुऊन घेतलेली गाठ. थेंबवाल्या बाबांनी तिच्यावर बाटली उलटी केली. "नसेत अडलेलं काय नि नशिबात अडलेलं काय, माझ्या थेंबापुढे सगळ्याचं पाणी!" मग बाबांचं प्रवचन लांबलं, आणि ते संपेतो गाठ खरोखर विरघळली. लोकांनी हात जोडले.

मागे बसलेल्या निवृत्त मास्तरांनी मात्र जोडले नाहीत. शेजारी हात जोडून बसलेल्या थोरल्या बहिणीच्या पायाच्या नसेत अशीच गाठ होती. बाबांच्या नादी लागून तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर खेळ खलास. मास्तरांना तिच्यावाचून कोणी नव्हतं.

"ताई, गोळी घे ना गं."

"तुझं आपलं काहीतरीच. डोळ्यांदेखत विरघळली ती."

पुढच्या बैठकीला मास्तर दवाखान्यातून प्लाझ्मा मागून घेऊन आले. रक्तातल्या पेशी काढल्या की उरतं ते पिवळसर पाणी.

"बाबा, दुसऱ्या बशीत हा ओतून एक गाठ यातही ठेवू. नसेत काही नळाचं पाणी नसतं."

"संशयी माणसासमोर थेंब रुसतात."

"मग पाण्यातही रुसू देत."

लोक हसले. बाबांचा नाइलाज झाला; दोन्ही बशांत थेंब टाकावे लागले. पाण्यातली गाठ विरघळली, प्लाझ्मातली ढिम्म.

"हा कच्च्या पपईचा चीक," मास्तर बाटली हुंगून म्हणाले. "पाण्यात तो गाठ कापतो. पण प्लाझ्मात त्याला धरून ठेवणारी द्रव्यं असतात. नसती, तर शरीरातल्याच असल्या रसांनी आपलं अंग पोखरलं असतं. डॉक्टरांची गोळी गाठ वाढू देत नाही, मग शरीरच ती हळूहळू विरघळवतं."

घरी ताईने गोळी घेतली.

"लबाड होता, कळलं मला. पण हात हातात घेऊन विचारायचा रे, झोप लागली का म्हणून. या घरात कोण विचारतं?"

मास्तरांना फार लाज वाटली. जेवण झालं की दोघं आपापल्या खोलीत जात, दारं लागत. त्यांनी स्टूल ओढलं.

"पाय दुखतो का गं?"

"दुखतो. बस जरा."

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की दुसरी बशी मागा. आणि आपलं माणूस तिकडे का जातं, ते त्याच्याजवळ बसून विचारा.