तोरणातले सतरा बळी

"सर, पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रात कोण कुणाला खात होतं, हे तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही पंगतीत वाढायला होता का?"

हे विचारलं तर एक प्लेट चुरमुऱ्यांचं गिरमिट, अशी शेजारच्या बाकावरच्या दीपश्रीची पैज होती. दहावीच्या वर्गात आजवर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेली वेदश्री उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली. मागचे बाक फिदीफिदी हसले.

जीवाश्मांवर बोलायला पाहुणे म्हणून आलेले सुधींद्र सर मात्र खूश. "वाढायला नव्हतो, पण उष्टं बघितलंय," म्हणाले, आणि पडद्यावर वाळूच्या कणाएवढं कवच दाखवलं. त्याला नेमकं गोल भोक. "खाणारा गेला, घास गेला, भोक राहिलं. भोकं वाढत गेली तशी पुढच्यांची कवचं जाड झाली. आजही काही समुद्री गोगलगायी शिंपल्यांना अशीच भोकं पाडतात. बाहेर रुंद, आत निमुळती."

वेदश्रीच्या डोळ्यांपुढे घरचं तोरण आलं. गिरमिट खायलाही ती थांबली नाही.

देशपांडे नगरातल्या घरी अप्पा, म्हणजे तिचे वडील, वकील संजीवराव, तिचा मेडिकल कोचिंगचा फॉर्म भरत बसले होते. संध्याकाळी कोप्पीकर रोडला नेऊन द्यायचा होता. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी नको म्हटलं नव्हतं.

ती स्टुलावर चढली, दारावरचं शिंपल्यांचं तोरण उतरवलं आणि थेट फॉर्मवर ठेवलं. "अप्पा, सतरा खून."

"भोकं तुझ्या आईनं पाडलीत," अप्पा भिंग लावून म्हणाले.

"मी कशाला पाडू?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कारवारच्या वाळूत तयार भोकांचे मिळाले, म्हणून तर ओवले. देवानंच सोय केली म्हटलं."

"म्हणजे सहा वर्षं आपण पाहुण्यांना प्रेतांखालून आत घेतोय," वेदश्री म्हणाली.

"सतरा नाही, सोळा." अप्पा आता रंगात आले होते. "ह्या टोकाच्याचं भोक अर्धवट आहे."

"तो ओवताच येईना," आई म्हणाली. "गोंदानं चिकटवलाय त्याला."

वेदश्रीनं तो शिंपला तळहातावर घेतला. कुणीतरी पोखरत आलं होतं, आणि हा तेवढ्यात वाचला होता. तिनं तोरणाखालचा फॉर्म हळूच ओढून घेतला आणि घडी घातली.

"अप्पा, कोचिंगला मी जाणार नाही. दहावीनंतर पीयूसीला सायन्स घेईन, पण पुढं हेच शिकणार. आणि आई, तोरण उद्या सरांकडं नेणार आहे. दाराला आंब्याची पानं लाव."