पांढरा दोरा

आमच्या दुकानातून पांढरा दोरा बांधल्याशिवाय एकही बरणी बाहेर जात नाही. औषध बनवणारा आधी आपल्या रंगाचा दोरा बरणीच्या गळ्याला बांधतो. माझा निळा. मग नाना झाकण उघडतात, हुंगतात, आणि पसंत पडलं तर खिशातल्या रिळाचा पांढरा दोरा त्यावर बांधतात. नापसंत पडलं तर बरणी मागच्या मोरीत रिकामी होते, आणि बनवणाऱ्याने ती गुपचूप घासायची. नाना म्हणजे माझे वडील. झाडपाल्याच्या औषधांत त्यांची पन्नास वर्षं गेली, माझी बावीस. बावीस वर्षांत माझी बरणी मोरीत एकदाच गेली, तीही पहिल्या महिन्यात. हे मीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि दुकानात लाल दोरा आला. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्याला पुदिना आणि गवत यांतला फरक कळत नाही. बायको मात्र अशी आणली, की आठव्या दिवशी कोठीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तिसऱ्या फळीवरच्या ज्येष्ठमधाला ओल लागलीय." पोतं उघडून पाहिलं, तर खरंच लागली होती. नानांना कोण आनंद! तेव्हापासून "सूनबाई, हे जरा हुंग" आणि "सूनबाई, ते जरा बघ". मी तिचं नाव नाकवाली ठेवलं. मनातल्या मनात.

मत्सर वाटायचा मला. उगाच गोड शब्द कशाला शोधायचे? जळत होते मी. मुळं कुटून कुटून माझ्या तळहातांना घट्टे पडले, लग्नाचं वय पाला वाळवण्यात गेलं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. पण सगळ्यात जास्त झोंबायचं ते हुंगणं. तिची बरणी नाना दोन्ही हातांत धरायचे, डोळे मिटायचे आणि हुंगायचे, एकदा, दोनदा, तीनदा, बाळाची टाळू हुंगावी तसे. मग तिच्याकडे बघून हसायचे आणि दोरा बांधायचे. आणि माझी बरणी? झाकणही उघडायचे नाहीत. नजर वर्तमानपत्रात, हात दोऱ्याला. आत मी काय घातलंय, चिखल की चटणी, हे बघायचीसुद्धा इच्छा नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

त्यात एक दिवस जेवताना नानांनी जाहीर केलं, "पहिल्या तारखेला मी रीळ देऊन टाकणार. आता बसून खाणार." रीळ ज्याच्या खिशात, दुकान त्याचं. कुणाला देणार ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, मला डोळे होते.

पहिल्या तारखेला पाच दिवस उरले असताना नाकवालीला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक लाल, डोळे गळताहेत, बोलणं सगळं घशातून. "ताई, डोक्याचा नुसता दगड झालाय." मी म्हटलं, "आराम कर." म्हटलं खरं, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे. तिची मालकीण दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात घालून उभी असते. बोटांना भेगा पडतात, भेगांतून रक्त येतं. तिच्यासाठी आणि तिच्याकडच्या बायकांसाठी झेंडूच्या मलमाच्या सहा बरण्या करायच्या होत्या आणि ते काम लाल दोऱ्याकडे होतं. पाकळ्या तिळाच्या तेलात मंद आचेवर मुरवायच्या, गाळायच्या, मेण विरघळवायचं, झालं. सगळी मदार तेलावर. खवट तेल भेगेत गेलं की हाताची आग होते, आणि तो हात पुन्हा आपल्या दाराची कडी वाजवत नाही, असं नाना सांगत आलेत.

कोठीतून तेल भरून द्यायचं काम माझं. त्या सकाळी मी नवा डबा सोडला आणि अगदी खालच्या फळीवरचा, गेल्या सालचा, दाराच्या बिजागऱ्यांना लावायला ठेवलेला डबा उचलला. तिला वास येणार नव्हता. नानांना येणार होता. मग सहाच्या सहा बरण्या मोरीत, आणि नाकवालीचं नाक खाली. ती बरण्या घासायला बसली की मी शेजारी उभी राहून म्हणणार होते, "असू दे गं, होतं असं कधीकधी." हे वाक्य मी कोठीत दोनदा म्हणूनही पाहिलं.

दुपारी तिने लाल दोरे बांधून बरण्या नानांपुढे मांडल्या. नानांनी पहिलं झाकण काढलं. मी दोन हात लांब बसून बडीशेप निवडत होते, तिथवर खवट भपकारा आला. नानांनी डोळे मिटले. एकदा हुंगलं, दोनदा, तीनदा. मग तिच्याकडे पाहिलं. तिने रुमालाने नाक पुसलं आणि मान हलवली.

"उत्तम!" नाना म्हणाले आणि एकामागून एक सहा पांढरे दोरे बांधले.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे तिची घाणसुद्धा उत्तम! सुनेचं कौतुक इतकं, की नाक गहाण टाकलं म्हाताऱ्याने. बडीशेपेचं सूप मी इतक्या जोरात आपटलं की निम्मी खाली सांडली. ती वेचताना मात्र भलतीच शंका आली. नाना वर्तमानपत्र घेऊन बसल्यावर मी निलगिरीच्या तेलाची बाटली उघडली आणि मागून हळूच त्यांच्या नाकाशी धरली. माझ्या डोळ्यांना धार लागली. नानांनी पान उलटलं आणि मान वळवून म्हणाले, "काय गं, पाठीशी का उभी? काही हवंय?"

मी काही बोलायच्या आत लाँड्रीवाली आली.

मला फक्त गप्प बसायचं होतं. मलम जाणार, हात भाजणार, बोभाटा होणार, आणि बरणीवर दोरा लाल. पहिल्या तारखेचा प्रश्नच मिटला असता. लपवत नाही, मी गप्प बसलेही. नाकवालीने सहा बरण्या तिच्या पिशवीत भरल्या तोवर बसले. मग लाँड्रीवालीने पिशवी उचलली. बंदांभोवती मूठ वळली तशी तिच्या बोटाची भेग उघडली, आणि तिने पटकन ते बोट तोंडात घातलं.

"ठेवा ती पिशवी," मी म्हटलं. "तेल खवट आहे."

"आँ? पांढरा दोरा आहे की याच्यावर." तिने एक बरणी काढून उघडली, नाकाशी नेली, आणि तिचं तोंड वाकडं झालं. "अगंबाई! नाना, हे तुम्ही हुंगून दिलंत?"

नाना उठून उभे राहिले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांनी हुंगलंच नाही," मी म्हटलं. "दोरा मी बांधला. त्यांच्या खिशातलं रीळ काढून."

आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही, आणि ते गल्लीला माहीत आहे. लाँड्रीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, बाई." आठवडाभरात ताजं मलम घरी आणून देते असं मी म्हटलं, तोवर वापरायला माझ्या निळ्या दोऱ्याची एक मलमाची बरणी पुढे केली. तिने आधी झाकण उघडून हुंगली आणि मगच पिशवीत टाकली.

ती गेल्यावर नाकवाली म्हणाली, "ताई, दोरा तुम्ही नाही बांधलात. खोटं का बोललात?"

"तेल मात्र मी दिलं. बिजागऱ्यांचं. मुद्दाम."

मग नाना खुर्चीत बसले आणि सुनेला म्हणाले, "सांगून टाकू आता हिला." तीन वर्षांपूर्वी, लग्नानंतर लगेच त्यांना मोठा ताप आला होता. त्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून तीच आधी हुंगायची, मान हलवायची, आणि डोळे मिटून हुंगायचं नाटक नाना करायचे.

"तिला सांगितलंत. मला नाही?"

"तुझ्यापुढे लाज वाटली, पोरी. हिने मला पाहिला तोच असा. तू मला नाक असलेला पाहिलायस."

मी नाकवालीवर उसळले. करायचं काय, चोराच्या उलट्या बोंबा. "आणि तू? नाक चोंदलेलं असताना मान कशाला हलवलीस?"

"तेल तुम्ही भरून दिलं होतं ना," ती म्हणाली. "तुमच्या हातचं तेल हुंगायचं कशाला?" टोमणा मारत नव्हती ती. मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. ती विचारली. "तिच्यासाठी निदान नाटक तरी करत होतात. माझ्या बरणीचं झाकणसुद्धा का नाही उघडलंत कधी?"

नाना खरोखरच चकित झाले. "तुझं काय हुंगायचं? नाक शाबूत होतं तेव्हाही, पहिलं वर्ष सोडलं तर तुझी बरणी मी कधी उघडली नाही." त्यांनी खिशातून रीळ काढून टेबलावर ठेवलं. "पहिल्या तारखेला हे तुलाच द्यायचं होतं. सूनबाईला विचार. आता मला काही कळत नाही. तूच सांग काय करू."

मी रीळ उचललं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं त्याहून हलकं होतं. ते मी नाकवालीपुढे ठेवलं.

"ताई, नको."

"घे. आणि माझ्या बरण्यासुद्धा हुंगायच्या."

तिची सर्दी उतरायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी नव्या डब्यातलं तेल काढलं, मलम केलं, सहा बरण्यांना निळे दोरे बांधले आणि तिच्यापुढे ठेवल्या. पहिल्या वर्षी राहायचे तशी हात मागे बांधून उभी राहिले. तिने पहिली बरणी दोन्ही हातांत धरली, झाकण काढलं आणि डोळे मिटले. एकदा हुंगलं. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ थांबली.

मग तिने पांढरा दोरा बांधला आणि दुसऱ्या बरणीचं झाकण उघडलं.