घरच्या वाट्याचं बोलणं

सवत असती तर तिच्या झिंज्या उपटून मोकळं होता आलं असतं. पण नवरा हॉलभर माणसांवर जीव ओवाळून टाकतो म्हटल्यावर बाईने कुणाकुणाच्या झिंज्या उपटायच्या? वक्तेसाहेबांच्या बायकोचं दुखणं हे होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. लोक उलट म्हणायचे, नशीबवान आहात हो, तुम्हाला तर घरबसल्या रोज ऐकायला मिळत असेल.

मिळतंय कपाळ.

घशाच्या डॉक्टरांनी साहेबांना तंबी दिली होती, "इतकी वर्षं राबवलात हा घसा. आता बोलणं निम्म्यावर आणा, नाहीतर आवाज जाईल तो कायमचा." साहेबांनी ऐकलं. कार्यक्रम होते तेवढेच ठेवले आणि घरातलं बोलणं बंद करून टाकलं. चक्क पाटी आणली. चहा हवा असला की पाटीवर 'चहा'. बायकोने काही विचारलं की 'नंतर'. मुलीचं परदेशातल्या नोकरीचं ठरत होतं, आईला धीराचे चार शब्द हवे होते. तर तिथेही 'नंतर', आणि खाली ठसठशीत रेघ. ही बिचारी गरम पाण्याचा थर्मास भरून द्यायची आणि ते पाणी पिऊन साहेब परक्यांसमोर गळा मोकळा करायचे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी मात्र ती स्वतःच थर्मास घेऊन त्यांच्याबरोबर गेली आणि हॉलच्या मागच्या रांगेत बसली. विषय होता 'दमून न जाता काम कसं करावं'. म्हणजे कहरच की नाही? साहेबांनी थट्टा केली, नकला केल्या, मध्येच आवाज असा हळवा केला की तिला गलबलून आलं. लग्नाआधी याच आवाजात ते तिच्याशी तासन् तास बोलायचे. आता तो पहिल्या रांगेतल्या हिरव्या चष्म्याच्या बाईला मिळत होता, आणि ती बया अशी मान डोलावत होती जणू तिचा हक्कच होता.

भाषण झाल्यावर प्रश्न सुरू झाले. हिरव्या चष्म्याने विचारलं, "सर, इतकी वर्षं बोलताय, थकत कसे नाही?"

"घरी तोंडाला कुलूप," साहेब हसून म्हणाले. "सगळी ताकद तुमच्यासाठी राखून ठेवतो. बायको समजूतदार आहे माझी."

टाळ्या पडल्या. समजूतदार बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेजारून चाललेला माइक तिने ओढूनच घेतला.

"बोलणं निम्मं केलंत," ती म्हणाली, "ते कुणाच्या वाट्याचं केलंत?"

स्टेजवरच्या दिव्यांमुळे साहेबांना मागचं दिसत नव्हतं, पण आवाज त्यांनी ओळखला. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

"या माझ्या मिसेस आहेत," ते म्हणाले. "आणि प्रश्न खरा आहे. उत्तर तिला एकटीलाच देणार आहे. इथून गाडीत बसलो की लगेच."

लोक हसले. ती मात्र अशी खुलली की रागवायचं राहूनच गेलं. इतक्या माणसांना डावलून तिला काहीतरी मिळणार होतं.

पण लोक सोडतायत कुठे? संयोजकांनी आणखी थोडं बोलायचा आग्रह केला, आणि साहेबांच्या तोंडून आजवर कधी 'नाही' निघालंय? मग जिन्यात फोटो, सह्या, कुणाच्या तरी मुलाला सल्ला. आवाज फाटत चालला होता, तिला ते कळत होतं. तिने बाही ओढली, "अहो, चला ना आता." त्यांनी 'थांब' म्हणून हात वर केला. तो हात ती घरी रोज बघायची. दारात हिरव्या चष्म्याने गाठलंच. परत कधी येणार म्हणून विचारलं.

"येईन की. नक्की येईन," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

गाडीत बसल्यावर तिने दार लावून घेतलं, त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "हं, बोला."

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा बोलून पाहिलं. मग घाबरून तिच्याकडे बघितलं आणि पिशवीतली पाटी चाचपडत काढली. ती तिने हातातून घेऊन मागच्या सीटवर टाकली.

"नाही. तोंडाने सांगा."

त्यांचे डोळे भरून आले. ओठ हलत होते, मनापासून काहीतरी सांगत होते, आणि तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला, पण डोक्यात एकच घोळत राहिलं. त्या आवाजाचे शेवटचे शब्द 'नक्की येईन' हे होते, आणि तेसुद्धा त्या हिरव्या चष्म्याला मिळाले होते.