स्टेजखालच्या तुळया

हॉल उघडायच्या आधी, दुरुस्तीत सगळ्यात झकास काम कुठलं, असं विचारलं की लोक नव्या स्टेजकडे बोट दाखवायचे आणि सुतार मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढा विनय! विनय कसला, डोंबलाचा! शरमेनं त्याची मानच वर होत नव्हती.

त्याचं झालं असं. वस्तीचा हॉल चाळीस वर्षांचा. छप्पर गळायचं, खिडक्या लागायच्या नाहीत, भिंतींना ओल. समितीच्या चिटणीसबाई सुताराला म्हणाल्या, "स्टेज तेवढं तपासून सांगा. टिकण्यासारखं असेल तर राहू दे, नाहीतर नवं करू."

ते स्टेज उस्तादांनी बांधलेलं. उस्ताद म्हणजे सुताराचे गुरू. रंधा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. आता ते थकले होते, पण पन्नाशीच्या सुताराला लोक अजून 'उस्तादांचा चेला' म्हणायचे, आणि ते त्याला आतून खुपायचं.

सुतार सरपटत स्टेजखाली गेला. खाली बारा तुळया. रीत अशी, की प्रत्येक तुळईत तीन जागी टोच्या खुपसून बघायचा. मागच्या ओल्या भिंतीला लागून असलेल्या पहिल्याच तुळईत टोच्या मुठीपर्यंत गेला. झालं! ह्याच्या डोळ्यांपुढे लगेच नवं स्टेज उभं राहिलं, स्वतःच्या हातचं. बाकीच्या अकरांना त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "पार भुसा झालाय, बाई. कुणीतरी पाय मोडून घेईल." बाईंनी तसं लिहून हॉलच्या दारावर लावून टाकलं.

पुढच्या आठवड्यात फळ्या उचकटल्या, तर अकराच्या अकरा तुळया ठणठणीत! टोच्याचं टोक वाकलं, पण आत शिरेना. सांधे असे बसलेले, की त्यात नख जाईना. अरे, आता तरी बोलायचं! पण हा मूग गिळून बसला. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं त्या तुळया स्वतः चिरल्या आणि खिडक्यांच्या चौकटींत घालून टाकल्या.

दोन दिवसांनी उस्ताद काठी टेकत त्याच्या दुकानात आले. नेहमीसारखे बसले नाहीत. उभ्या उभ्या विचारलं, "लाकूड ओलं होतं का रे? माझी घाई झाली असेल का?"

सुतारानं रंधा थांबवला नाही. "असेल," म्हणाला.

त्यानंतर उस्ताद फिरकले नाहीत. इतकी वर्षं दुपारचा चहा ह्याच्याकडे घेणारा माणूस! बायकोनं विचारलं, "काय बोललात त्यांना? रस्त्यात भेटले, तर ओळख न दिल्यासारखे निघून गेले."

"मी कुठे काय बोललो?" तो खेकसला. खरंच म्हणा, बोलला कुठे होता! घास त्याच्या तोंडात तसाच फिरत राहिला.

हॉल उघडला त्या सकाळी झाडून सगळी वस्ती आली. चिटणीसबाईंनी सुताराला पुढच्या रांगेत बसवलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्या आणि मागून उस्ताद उठले. नव्या स्टेजवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"मला दोन शब्द बोलायचेत," ते म्हणाले. "जुनं स्टेज माझं होतं. ते असं कसं किडलं, ह्याचा मी खूप विचार केला. त्या वर्षी आमची ही आजारी होती. मी इथे काम करायचो आणि चित्त तिच्यापाशी. लाकूड पुरतं वाळलंय की नाही, ते माझ्याकडून बघायचं राहिलं असणार. तुमची पोरं त्यावर नाचली, धावली. काही झालं असतं तर? माझं चुकलं. मला माफ करा."

आणि त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले.

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं दोष शोधता शोधता गेलेल्या बायकोचं आजारपण उकरून काढलं होतं, आणि तेही ह्याच्या एका 'असेल'पायी. तो उठला.

"उस्ताद, एकच तुळई खराब होती," तो म्हणाला. "तीही भिंतीच्या ओलीनं. बाकी अकरा चांगल्या होत्या. मी बघितल्याच नाहीत. नंतर बघितल्या, तर लपवल्या. मला माझं स्टेज हवं होतं."

चिटणीसबाईंचा चेहरा उतरला. शिव्या येतील म्हणून सुतार थांबला. खरं सांगायचं तर त्याला त्या हव्याच होत्या. कुणी उठून थोबाडीत मारली असती, तरी बरं वाटलं असतं.

पण उस्ताद चिडले नाहीत. ते काठीशिवायच दोन पावलं पुढे आले.

"अकरा?"

"अकरा."

"नीट टोचून बघितल्यास?"

"कापून बघितल्या, उस्ताद. आतून कोरड्या खणखणीत होत्या."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की सुताराला तिकडे बघवेना. "म्हणजे तेव्हाही मी काम नीटच केलं होतं," ते म्हणाले. मग लहान मुलासारखे लोकांकडे वळले, पुन्हा ह्याच्याकडे. "मागच्यांना ऐकू गेलं नसेल. परत सांग ना रे."

सुतारानं परत सांगितलं.