बेटावरची पाल

उमादेवींनी ढेपेतून गुळाचा खडा फोडून काट्यावर ठेवला, तेवढ्यात गल्ल्याजवळ राजशेखरचा फोन वाजला. तो दुकानातच विसरून मुलगा पूर्णेला माल आणायला गेला होता. ताडकळसचा बाजारचा दिवस, समोर कस्तुराबाई पिशवी उघडून उभ्या. फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उमादेवींनी पदराला हात पुसून तो उचलला.

"राजशेखर, अरे किती वेळा..."

"मी त्याची आई बोलायलेय."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

"काकू, मी निकिता. अंदमानहून. राजशेखर इथं होता तेव्हा आम्ही बरोबर काम करायचो. आता तब्येत कशी आहे तुमची?"

"माझी?"

"त्यानं कळवलंय ना. हृदयाचा त्रास आहे, तुम्हाला एकटं सोडता येत नाही. म्हणून यंदाच्या मोजणीलाही नाही म्हणाला."

उमादेवींचा हात छातीवरच्या इष्टलिंगापाशी गेला आणि तिथंच राहिला. तीन वर्षांत त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या फक्त चष्म्यासाठी.

राजशेखरचे वडील चन्नप्पा गेले तेव्हा राजशेखर चौथ्या दिवशी पोचला होता. बेटावरून बोट, मग विमान, मग रेल्वे. महिन्याभरानं त्यानं सांगितलं, "तिथलं काम संपलं, आई. मी इथंच राहतो." उमादेवींनी एका शब्दानं विचारलं नाही, कसलं काम, कसं संपलं. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, म्हणूनच.

त्याला दीड वर्ष झालं. दुकान तो नीट चालवायचा. फक्त दुपारी गिऱ्हाईक नसलं की समोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहायचा, मान वर करून, एकेक फांदी बघत. लोक विचारायचे, "काय हरवलं, शेठ?" तो हसून परत यायचा. एकदा त्यानं आईला फोटो दाखवला होता. पोपटी अंग, पाठीवर शेंदरी ठिपके, भर दिवसा झाडाच्या खोडावर. "ही जगात फक्त तिथंच हाय, आई. दुसरीकडं कुठंच न्हाई." उमादेवी म्हणाल्या होत्या, "पाल ती पालच की." त्यानं फोन खिशात ठेवला. पुन्हा कधी काढला नाही.

"काकू, ऐकताय ना?" निकिता म्हणाली. "त्यानं खुणा केलेल्या झाडांवरच अजून आम्ही मोजतो. पानाआडची पाल त्याला दिसते तशी कुणाला दिसत नाही. यंदा आला तर इथली जागा कायमची मिळेल. आज नाव गेलं नाही, तर ती दुसऱ्याला जाईल."

"मावशी, गूळ," कस्तुराबाई म्हणाल्या.

उमादेवींनी खडा पिशवीत टाकला. वजन बघायचं राहून गेलं.

"मी आजारी व्हते," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता बरी हाय. बरी होऊन लय दिवस झाले, त्याला सांगायचंच राहिलं."

"मग लिहू नाव?"

"लिव्हा. अन् त्याला तुमीच कळवा. मी सांगितलं तर ऐकायचा न्हाई."

फोन ठेवल्यावर कस्तुराबाईंनी विचारलं, "तुमी कवा आजारी व्हता वो?"

उमादेवी काट्याचं पारडं पुसत राहिल्या.

घटकाभरानं राजशेखरची मोटारसायकल दारात थांबली. मागे साखरेचं अर्धं पोतं बांधलेलं. तो दोरी सोडत होता तोच फोन वाजला. तो घ्यायला आत वळला तशा उमादेवी पुढे झाल्या.

"आई, राहू दे. मी आणतो."

"तू फोन घे."

त्यांनी पोतं कमरेवर घेतलं, न थांबता पायरी चढल्या, गल्ल्याजवळून सरळ मागच्या खोलीत गेल्या. तिथं ते खाली ठेवलं आणि त्यालाच टेकून जमिनीवर बसल्या. श्वास भात्यासारखा चालला होता. तोंडावर पदर धरून त्या ऐकत राहिल्या.

बाहेरून आधी "बोल, निकिता" एवढंच ऐकू आलं. मग त्याचा आवाज आला, दीड वर्षांत आला नव्हता तसा.

"कधी निघायचं?"