आकडीच्या गोळीची सवत

मी आकडीची गोळी बोलतेय. रंगाने पांढरी, अंगाने लांबट, आणि स्वभावाने, खरं सांगते, जळकी. औषधांच्या दुकानातून मी एका पेंटरच्या घरी आले. हा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो. एक पाकीट संपलं की दुसरं येतं, पण आम्ही सगळ्या गोळ्या एकच जीव. एकीने पाहिलेलं दुसरीला ठाऊक असतं.

मी आले तेव्हा घराची रयाच गेली होती. पेंटर कधी जेवता जेवता कोसळायचा, कधी भर रस्त्यात. बायको त्याला आंघोळीलाही आतून कडी लावू द्यायची नाही. मी त्याच्या डोक्यातला दंगा आवरला. वर्ष उलटलं तरी आकडी फिरकली नाही. वाटलं, आता माझे लाड होतील. कसले लाड नि कसलं काय. मला गिळताना तो तोंड वाकडं करायचा, आणि बायको कुरकुरायची, "घरात चपला घ्यायच्या राहिल्यात, पण हिचा भाव काही उतरत नाही."

लाड व्हायचे ते ब्रशांचे. काम संपलं की तो त्यांना टर्पेंटाइनमध्ये धुवायचा, केसांवरून बोटं फिरवायचा, डब्यात नीट उभे करायचा. जीव राखायचा मी आणि माया त्या केसाळ काड्यांवर. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

माझ्यातही अवगुण आहेत, नाही कशाला म्हणू? माझ्यामुळे त्याला सुस्ती यायची, पोट सुटलं, केस विरळ झाले. हे सगळं त्याने हसण्यावारी नेलं. पण हात थरथरायला लागला तेव्हा त्याचं हसू आटलं. श्वास रोखून रेघ ओढली तरी ती वाकायची. मग मोठ्या पाटीचं काम आलं की तो पुट्टीच्या पात्याने मला मोडायचा. अर्धी गिळायचा, अर्धी ब्रशांच्या डब्यात टाकायचा. अर्धी गोळी तर अर्धी थरथर, असं त्याचं गणित. माझ्या वैऱ्यांच्या पायाशी माझे तुकडे पडून राहायचे.

व्हायचं तेच झालं. चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवताना त्याला आकडी आली आणि तो शिडीवरून खाली पडला. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोने त्याला कुशीवर वळवलं, दातांत चमचा घालायला आलेल्याला मागे सारलं. शेजारी ब्रशांचा डबा लवंडला होता. त्यातले माझे तुकडे तिने मुठीत घेतले आणि दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवले.

"ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोडायची नाही. आणि डोस मनाने कमी करायचा नाही."

हात गळ्यात बांधलेला पेंटर खाली बघत म्हणाला, "हात थरथरतो, डॉक्टर. माझं पोट हातावर आहे."

"मग ते मला सांगायचं. गोळीला कशाला शिक्षा?"

माझ्या बाजूने कुणीतरी बोललं, ते पहिल्यांदाच. पण त्याच तोंडाने त्यांनी माझी सवतही लिहून दिली. ती हळूहळू वाढवायची, मला हळूहळू कमी करायचं.

एकाच डबीत आम्ही दोघी. ती माझ्या दुप्पट महाग, तरी बायको म्हणाली, "असू दे महाग. तुमचा हात राहील ना." माझ्या वेळी चपला आठवायच्या हिला.

सवतही काही धुतल्या तांदळाची नाही. पेंटर तिच्यामुळे चिडका झाला. चहा गार झाला म्हणून त्याने कप आदळला, तेव्हा मी डबीत मनोमन नाचले. पण बायको शांतपणे म्हणाली, "हेही डॉक्टरांना सांगायचं. लपवायचं नाही, ठरलंय ना?"

"ठरलंय," तो ओशाळून म्हणाला. डॉक्टरबाईंनी डोस थोडा बदलला आणि माझा नाच थांबला.

आज डबीत माझी शेवटची गोळी आहे. सकाळी त्याने पाटी टेबलावर आडवी ठेवली, ब्रश बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली. सरळ. बायको हातातलं काम सोडून बघत राहिली. मीही बघितली. एवढी वर्षं त्याचा जीव राखला, पण तेवढी रेघ काही मला देता आली नाही. ती सवतीने दिली. जळतेय मी, अजूनही जळतेय.

तुमच्याही घरी माझी कुणी बहीण असेल. तिला सोडायचं झालं तर डॉक्टरांना विचारून, अशी हळूहळू सोडा. मोडून लपवू नका.

आत्ता त्याने मला तळहातावर घेतलंय. या हातावर मी नेहमी हिंदकळायचे. आज जागची हलले नाही.

"सांभाळलंस बाई मला," तो म्हणाला, आणि तोंड वाकडं न करता मला गिळलं.