दोनदा बटण

“फिरत्या दवाखान्याची गाडी बोलायलीय, मंठाळकडून. पुलाजवळ खडी पडलीय, सावकाश या. हाय का कुणी आसपास?”

वायरलेसमधून आवाज आला आणि पिराजीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यानं बटण दोनदा दाबून सोडलं. पलीकडे नुसतं टक-टक गेलं.

शेजारी बसलेले जनावरांचे डॉक्टर नागेंद्र हसले. “अण्णा, चार महिने झाले. कामून नुसतं बटण दाबायलाव? बोला की.”

“गाडी हाय एवढं कळलं की तिला.”

तिला म्हणजे स्नेहलला, पिराजीच्या एकुलत्या लेकीला, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ती त्या गाडीवर नर्स होती. माळावर मोबाइल लागत नाही म्हणून तिकडं फिरणाऱ्या सगळ्या सरकारी गाड्यांत हे यंत्र बसवलेलं. चार-पाच किलोमीटरच्या आत आलं की गाडी गाडीशी बोलते. या दोघांचे रस्ते मात्र टेकडीच्या दोन अंगांनी जाणारे, गाठ पडायची नाही.

तीन वर्षांपूर्वी पिराजीची बायको शोभाबाई गेली, तेव्हा पिराजी दिवसभर लेकीला फोन लावत होता. ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं. “फोन बंद करून बसलीस. आता कशाला आलीस?” तो चार माणसांत ओरडला. ती आल्या पावली परत गेली.

मग चार महिन्यांपूर्वी त्याला जनावरांच्या दवाखान्याच्या या गाडीवर ड्रायव्हर म्हणून पाठवलं आणि माळावर पहिल्याच दिवशी त्याच्या खिशातला फोन मुका झाला. त्या दिवशी लेकीचाही असाच झाला असणार. आपण केवढा गाढवपणा केला ते तेव्हा कळलं. पण माफी मागायला जीभ रेटेना. दर मंगळवारी दोन्ही गाड्यांची फेरी माळावर असायची, त्या दिवशी तो दाढी करून निघायचा, जसं काही यंत्रातून तोंड दिसणार होतं. कामावरून आल्यावर दारात दोनदा हॉर्न वाजवायची त्याची जुनी सवय. लहानपणी स्नेहल त्यावर धावत यायची. बटणावरून ती ओळखेल, एवढीच त्याची आशा.

“माझी ही शेवटची फेरी,” यंत्र पुन्हा बोललं. “उद्यापासून मी गुलबर्ग्याला. सांभाळून चालवा समदे.”

पिराजीनं गाडी कडेला घेतली. बटण घट्ट दाबलं.

“स्नेहल, मी अप्पा. हितं फोन लागत न्हाई, बाई. मला आता कळालं. माझं चुकलं. घरी ये.”

नुसती खरखर. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. पिराजीनं आवाज पूर्ण वाढवला. तिची गाडी लांब लांब जात असणार.

मग आलं. टक. टक.

शब्द येतील म्हणून तो बराच वेळ थांबला. आले नाहीत. त्यानं बाहीनं डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि समोर चिटपाखरू नसताना दोनदा हॉर्न वाजवला.